वरच्या बर्थची किंमत

राघोत्तमरावांना किंमत सांगता येत नसे. विकत घेताना माणूस बुजतो हे समजू शकतं, पण ते विकतानाही बुजत. रद्दीवाला दारात आला की तराजू तो धरी, भाव तो सांगे, आणि राघोत्तमराव त्याला आत बोलावून ताक देत. ताक पिऊन तो निघाला की त्यांना वाटे, या बिचाऱ्याला आपण तीन मजले चढायला लावलं. मग जुने डबे, एखादी बाटली असं काहीबाही ते त्याच्या पोत्यात फुकट टाकत. त्यांच्या पत्नी कनकाबाई आतून आपल्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणत, "आज रद्दी विकलीत, कीं रद्दीवाल्यास आहेर केलांत?"

अशा माणसावर चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचं घर विकायची पाळी आली.

घर चेन्नईत, एग्मोर स्टेशनच्या मागच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. बांधणाऱ्याला वरच्या मजल्यावर स्वतःचं ऑफिस करायचं होतं म्हणून त्याने हॉलचं छत दीडपट उंच ठेवलं, आणि मग त्याचा बेत फिरला. एवढ्या उंच छताचं घर कोणालाच नको होतं. पंख्याचे दांडे लांबलचक लागत, भिंती रंगवायला परांची बांधावी लागे. त्यामुळे ते राघोत्तमरावांच्या आवाक्यात आलं. तेव्हा ते रेल्वेचे डबे तयार होतात त्या कारखान्यात, डब्यांच्या आतलं सामान बसवणाऱ्या विभागात होते.

मुलगी रंजनी दहावीत गेली तेव्हा तिला अभ्यासाला जागा नव्हती. राघोत्तमरावांनी उंच छताकडे पाहिलं आणि सुट्टीच्या दिवशी पुदुपेटच्या भंगार बाजारात फेऱ्या मारायला सुरुवात केली. लोखंडी अँगल तिथले, सागाच्या फळ्या तिथल्या. वर्षभरात हॉलच्या अर्ध्या भागावर एक पोटमाळा उभा राहिला. वर हिरव्या रेक्झिनची लांब बैठक, भिंतीत घडी होणारं मेज, वाचायला छोटा दिवा, डोक्यावर सामानाची जाळी, आणि पडू नये म्हणून साखळी. घरात त्याचं नाव पडलं वरचा बर्थ. रंजनीने शेवटची परीक्षासुद्धा तिथेच अभ्यास करून दिली. तिच्या मैत्रिणी हट्टाने तिथे झोपायला येत.

त्यात खिळा एकही नव्हता, सगळे नटबोल्ट. कारखान्यात ते तसंच शिकले होते. डबा काही वर्षं धावतो आणि दुरुस्तीला परत येतो. तेव्हा आतलं सगळं उघडता आलं पाहिजे, धुऊनपुसून परत बसवता आलं पाहिजे. त्यामुळे घरात काहीही बसवताना ते आधी विचार करत की हे काढायचं कसं.

आता कनकाबाईंचे गुडघे गेले होते. वरच्या बर्थवर चढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. जानेवारीत, पोंगलच्या सुमारास एकदा दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा दोघा माणसांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर शेजारी दार उघडून उभे. परत आल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "यापुढें मी खालीं उतरेन तर माझ्या पायांनीं. खुर्चीत बसून उतरायला मी उत्सवमूर्ति नव्हे." तेव्हापासून त्यांनी रस्ता पाहिला तो गॅलरीतून.

रंजनी वेलचेरीला राहत होती. तिसराच मजला, पण लिफ्ट होती. तिच्या समोरच्या दारी विद्यालक्ष्मी नावाच्या बाई राहत; रंजनी त्यांना मामी म्हणे. त्या मुलाकडे कोयंबतूरला कायमच्या निघाल्या होत्या. रंजनीच्या अम्माअप्पांना त्या ओळखत, घर त्यांनाच द्यायला तयार होत्या. पण थांबणार आडी, म्हणजे तमिळ आषाढ, संपेपर्यंतच. आडी अशुभ, त्यात चेन्नईत कोणी घर घेत नाही. पुढचा महिना, आवणी, लागला की लोक पैसे घेऊन दारात उभे राहतील, आणि मग कोणासाठी म्हणून थांबायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

"अप्पा, पंच्याण्णव लाख," रंजनी म्हणाली. "मामींचं घर, रजिस्ट्रेशन, सगळं धरून. त्याच्या खालीं एक रुपया नाही."

"पंच्याण्णव," राघोत्तमराव म्हणाले.

दलाल नारायणस्वामी यांनी घर पाहायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. तपकिरी सनमायका, गुळगुळीत झालेली मोझॅकची फरशी, हिरवं बाथरूम. त्यांनी दिव्याची बटणं खाली-वर करून पाहिली आणि वर बघितलं.

"सार, हे काय आहे?"

"वरचा बर्थ."

"गाडी कितीची आहे?" नारायणस्वामींनी विचारलं, आणि स्वतःच हसले. मग गंभीर झाले. "सार, जुन्या इमारतीत किंमत असते जमिनीच्या हिश्श्याची. भिंतींचे कोणी पैसे देत नाही. नव्वद येतील. पण हे काढून टाका. मंजूर नकाशात नाही, मोजमापात धरता येत नाही. घेणारा म्हणेल, तोडायचा खर्च कोण देणार? म्हणजे हे ठेवलंत तर अठ्ठ्याऐंशी."

राघोत्तमरावांनी मान डोलावली. वर्षभराच्या सुट्ट्यांची किंमत उणे दोन लाख, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. स्वतःच्या कामाबद्दल वाईट ऐकलं की ते त्यांना लगेच पटे.

आडी लागण्याच्या आधल्या रविवारी हरिप्रसाद नावाचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. दातांचे डॉक्टर. त्यांना घर आवडलं असावं, कारण ते गॅलरीत बराच वेळ उभे होते. राघोत्तमरावांनी रंजनीने पढवल्याप्रमाणे शहाण्णव म्हटलं. म्हणजे पुटपुटले. तेवढ्यात कनकाबाईंनी कॉफी आणली, बरोबर मुरुक्कू, इकडची चकली. डॉक्टरांच्या बायकोने मुरुक्कूची कृती विचारली. डॉक्टरांची आजी कुंभकोणमची, म्हणजे तंजावरच्या शेजारची निघाली.

आणि राघोत्तमरावांचा पाय घसरला. आपल्या घरी कॉफी प्यायलेला माणूस पाहुणा. पाहुण्याकडून नफा काय काढायचा? "ब्याण्णव केले तरी चालतील," ते म्हणाले. डॉक्टरांनी काही मागितलंही नव्हतं. दुसरा पेला झाला तेव्हा अठ्ठ्याऐंशी. निघताना जिन्यापर्यंत पोचवायला गेले आणि तिथे चौऱ्याऐंशीवर येऊन थांबले.

डॉक्टर परत आले नाहीत. नारायणस्वामींनी फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की न मागता किंमत उतरते म्हणजे घरात काहीतरी दोष असणार, असं त्यांच्या बायकोचं मत पडलं.

रंजनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट एग्मोरला आली.

"अम्मा, आजपासून कोणास काफी नाही."

"घरीं आलेल्यास?"

"घरीं आलेल्यास नाही. पाणी द्या."

"नुसतें पाणी? लोक काय म्हणतील?"

"लोक शहाण्णव म्हणतील. तुमच्या एका काफीस चार लाख पडतात. एवढी महाग काफी मोठ्या हॉटेलांतही नाही."

कनकाबाई आत गेल्या. राघोत्तमराव वर्तमानपत्र उघडून बसले, पण पान उलटल्याचा आवाज आला नाही. रंजनी जाताना चपला घालता घालता हळूच म्हणाली, "अप्पा, मी रागें नाही भरलें. मज अम्मास लिफ्टमधें उभी पाहायची आहे, इतकेंच."

आडी लागला. मारिअम्मनच्या देवळातला लाउडस्पीकर सकाळपासून सुरू होई. घर पाहायला कोणी येईना. संध्याकाळी आभाळ भरून येई, थोडे थेंब पडत, आणि उकाडा आणखी वाढे. राघोत्तमराव गॅलरीतल्या खुर्चीत बसून विचार करत, की विद्यालक्ष्मींना फोन करून सांगून टाकावं, आमच्यासाठी थांबू नका. असं सांगणं त्यांना सोपं गेलं असतं. दोनदा त्यांनी नंबर लावला, आणि दोन्ही वेळा कनकाबाई आत भिंतीला धरून चालताना दिसल्या, म्हणून ठेवून दिला.

महिना संपत आला आणि नारायणस्वामींचा फोन आला. "सार, एक पार्टी आहे. बाहेरची माणसं, त्यांना आडीबिडी नाही. तुमच्यासारखेच, मराठी."

उन्मेष आणि ऊर्मी शनिवारी सकाळी आले. मूळचे नाशिकचे, चेन्नईत येऊन तीन वर्षं झालेली. तो गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर. तिचं काम घरूनच, दिवसभर संगणकासमोर. भाड्याचं घर वेलचेरीला, तळमजल्यावर. गेल्या पावसाळ्यात पाणी आत आलं तेव्हा दोघांनी गादी गॅसच्या ओट्यावर ठेवून रात्र काढली होती. शिवाय त्याचे रोजचे चार तास जाण्यायेण्यात. एग्मोरहून सेंट्रल जवळ, तिथून गुम्मिडिपूंडीची गाडी.

"म्हणजे तुम्ही जिथून निघालां तिथें आम्ही चाललों," कनकाबाई म्हणाल्या.

"तिसऱ्या मजल्यावर जा, काकू. तळमजला नको."

"तिसराच आहे. या, बसूनघ्या. उभीं कां?"

ऊर्मी थबकली. मराठी तर होती, पण शब्दाशब्दाला जुन्या काळचा बाज असलेली, आणि चाल तमिळची. "काकू, तुम्ही किती छान बोलता," ती म्हणाली. "असंच बोलत राहा."

झालं. कनकाबाईंनी माहेरापासून सुरुवात केली. नाशिकला आमटी कशी करतात, तंजावरला सांबार कसं, त्यात चिंच किती. नारायणस्वामींना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. ते दाराशी स्टुलावर बसून दर थोड्या वेळाने राघोत्तमरावांना तमिळमध्ये विचारत, "सार, कितीवर आलात?"

"अजून सांबारावर आहोंत," राघोत्तमराव म्हणाले.

त्यांनी मनात हिशेब मांडला. दातांच्या डॉक्टरांची आजी कुंभकोणमची निघाली तर बारा लाख गेले. इथे तर दोघंही मराठी, आणि काका-काकू म्हणणारी. यांनी कॉफी घेतली तर घर बक्षीस द्यावं लागेल. त्यांनी कनकाबाईंकडे पाहिलं. त्या उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या.

"कनका," ते दबक्या आवाजात म्हणाले, "रंजनीनें काय सांगितलें आहे?"

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्याच वेळात फिल्टरमधल्या कॉफीचा वास घरभर पसरला.

ऊर्मी तोवर वरच्या बर्थवर पोचली होती. वरून मेज उघडल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा, मग परत उघडल्याचा. दिवा लागला, विझला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

खाली उन्मेषने घसा खाकरला. तो मुलगा सरळ होता. घासाघीस करायची म्हणून तो घरून ठरवून आला होता, आणि ठरवलेलं पार पाडायला हवं म्हणून नजर फरशीकडे ठेवून बोलत होता.

"काका, घर बरं आहे. पण हे वरचं सगळं काढावं लागेल. तोडायचा खर्च, मलबा खाली न्यायचा खर्च. लिफ्ट पण नाही. ते किमतीत धरायला लागेल."

नारायणस्वामींनी नेमकं हेच सांगितलं होतं. एरवी राघोत्तमरावांनी मान डोलावली असती. पण मलबा हा शब्द त्यांना लागला.

"तोडायचें कशास?" ते म्हणाले. "उघडतां येतें."

"म्हणजे?"

ते उठले, पलंगाखालची पेटी ओढली आणि जुना पाना घेऊन आले. "खिळा एकही नाही. सकाळीं लागलें तर संध्याकाळपर्यंत सगळें जमिनीवर. भिंतीस ओरखडा नाही. मीच काढून नेईन. तुम्हांस खर्च पडणार नाही." असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या खांबाच्या बोल्टला पाना लावला आणि जोर केला.

बोल्ट हलला नाही. समुद्राच्या हवेने इतक्या वर्षांत त्याचं व्हायचं ते झालं होतं. राघोत्तमरावांनी पुन्हा जोर केला. कानशिलं लाल झाली. नारायणस्वामी स्टुलावरून उठून उभे राहिले.

"थांबा काका," उन्मेष म्हणाला. आता तो घर घेणारा राहिला नव्हता, गुम्मिडिपूंडीतला झाला होता. "तेल आहे का? खोबरेल चालेल."

खोबरेल आलं. त्याने थेंब सोडले, पान्याच्या मागच्या बाजूने बोल्टवर ठकठक केलं, कान देऊन ऐकलं. मग दोघांनी मिळून पाना धरला, एक म्हातारा हात आणि एक तरुण. कर्र आवाज झाला आणि बोल्ट एक आटा फिरला. वरची फळी किंचित कुरकुरली.

"उन्मेष," वरून ऊर्मीचा आवाज आला, "मी वर आहे."

"आम्हाला माहीत आहे."

"मग काय चाललंय?"

"काका म्हणतात, हे काढून नेता येतं. तोडायला नको."

वरून डोकं बाहेर आलं. "काढून कुठे न्यायचं? मी इथे बसणार आहे. टेबलही खिडकीजवळ आहे, इथून झाड दिसतं. तू तो बोल्ट घट्ट कर परत."

घासाघीस तिथेच संपली, हे उन्मेषला कळलं. तो हसला, आणि बोल्ट परत पिळला. पिळताना आटे हाताला लागले तसा तो म्हणाला, "काम पक्कं आहे, काका. आमच्याकडे नवीन मशीनवर असं नसतं."

 राघोत्तमरावांनी पाना धोतराच्या सोग्याला पुसला.

कनकाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, दुसरा हात रिकामा.

"काफी झाली आहे," त्या म्हणाल्या. "पण आकडा ऐकल्यावांचून आणणार नाही."

ऊर्मी वरच्या बर्थची शिडी उतरता उतरता थांबली. राघोत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. तिने आयुष्यात कोणाला कॉफीसाठी ताटकळवलं नव्हतं. नुकतंच लग्न होऊन आलेल्या तिला त्यांच्या आईने सांगितलं होतं, की दारात आलेल्याचं काम काय ते नंतर विचारायचं, आधी पेला द्यायचा. आज ती चौकटीला धरून उभी होती आणि गुडघे दुखत असूनही बसत नव्हती.

"सांगा कीं," ती म्हणाली. "निवते आहे."

"नव्वद," राघोत्तमराव म्हणाले. त्यांनी श्वास घेतला. "नव्वद घराचे. तें नारायणस्वामी सांगतात. बाजार तसा आहे. अन् वरच्या बर्थचे सहा. तें मी सांगतों."

हे बोलल्यावर त्यांना वाटलं, आता छत खाली येईल. काही आलं नाही. खालून एक रिक्षा गेली.

"सहा जास्त होतात, काका," उन्मेष म्हणाला.

राघोत्तमरावांचे ओठ हलले. चार म्हणावं असं ओठांवर आलंच होतं. पण कनकाबाई पाहत होत्या, आणि चार काही बाहेर पडेना. ते गप्प राहिले. गप्प बसायचं त्यांना जन्मभर जमत आलं होतं, आज ते पहिल्यांदाच कामाला आलं. उन्मेषला वाटलं, म्हातारा पक्का आहे. त्याने ऊर्मीकडे पाहिलं. ती साखळीचा हूक हातात धरून उभी होती, आणि तो हूक सोडायचं तिच्या मनात नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "शहाण्णव."

"सार, कितीवर?" नारायणस्वामींनी विचारलं.

"शहाण्णव."

नारायणस्वामींनी वर, त्या बर्थकडे पाहिलं आणि मान तिरकी हलवली.

मग कॉफी आली. पितळेच्या पेल्यांत, फेसाळ, बरोबर मुरुक्कू. पुढची बोलणी ठरली. आडीत शब्द चालेल, पैसा नको, असं कनकाबाईंनी सांगितलं. पैसे आवणीच्या पहिल्या दिवशी. उन्मेषला काहीच अडचण नव्हती. बँकेचं कर्ज त्याने आधीच मंजूर करून ठेवलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, की दिवसभर ऊर्मी घरात एकटी असते, इथे तिला करमेल असं वाटतं. ऊर्मीने दुसरा मुरुक्कू घेतला.

राघोत्तमरावांनी पेला खाली ठेवला. "पंच्याण्णव द्या," ते म्हणाले.

"अहो," कनकाबाई म्हणाल्या.

"पंच्याण्णव पुरे आहेत. अन् पाना इथेंच ठेवतों. खोबरेल घालून वर्षांतून एकदां सगळे बोल्ट फिरवायचे. नाहींतर परत अडकतील."

संध्याकाळी रंजनीचा फोन आला. व्यवहार ठरला एवढं नारायणस्वामींकडून कळताच विद्यालक्ष्मीमामींना तिने सांगून टाकलं होतं, त्यांनी होकारही दिला होता.

"अप्पा, काफी दिलीत कीं नाही?"

"दिली. पण शेवटीं."

"मग किती गेले?"

"एकच."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. 

फोन झाल्यावर कनकाबाई म्हणाल्या, "वर जाळींत माझ्या चपला आहेत. काढा पाहूं."

पोंगलनंतर त्या चपला राघोत्तमरावांनी कागदात गुंडाळून वर ठेवल्या होत्या. ते चढले, हिरव्या बैठकीवर गुडघा टेकवून जाळीत हात घातला, आणि पुडकं घेऊन खाली आले. कनकाबाईंनी पाय घालून पाहिला. पट्टे कडक झाले होते, एकाला चीर गेली होती.

"नव्या घ्याव्या लागतील," ते म्हणाले. "उद्यां आणतों."

"तुम्ही नको. तुम्ही दुकानदारास आहेर करून याल." त्यांनी पाय बाहेर काढला आणि चीर गेलेला पट्टा बोटाने दाबून पाहिला. "हा जिना ह्यांतच एकेक पायरी उतरेन, नव्या वेलचेरीस गेल्यावर घेऊं. रंजनीच्या गल्लीच्या तोंडाशीं दुकान आहे म्हणे. मी खालीं उतरेन अन् मीच निवडीन."